मुरुड ते हिमायतनगर, पायी

लातूर जिल्हा झाल्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. मी नांदेडला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होते. मार्चमध्ये नोटीस बोर्डावर एक कागद लागला. हिमालयात महिनाभराचं गिर्यारोहणाचं शिक्षण, आमच्या भागातल्या कॉलेजांमधून दोघांची निवड. खाली अट होती: पाठीवर दहा किलो वजन घेऊन अडीचशे किलोमीटर पायी चालल्याचा पुरावा. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामी त्या गावच्या कचेरीचा शिक्का हवा.

डोंगर म्हणावा असा डोंगर मी तोवर पाहिला नव्हता. आमच्याकडे उंच म्हणजे बालाघाटाचा माळ, आणि तो चढतो हे एस.टी.चा ड्रायव्हर गिअर बदलतो तेव्हाच कळतं. पण चालण्याची मला लहानपणापासून आवड. बाबा रेल्वेत गँगमन होते. रोज हातोडा खांद्यावर टाकून रुळांवरून मैलोन् मैल चालायचं, रूळ घट्ट धरणाऱ्या, पण सैल झालेल्या लोखंडी किल्ल्या ठोकायच्या, हे त्यांचं काम. सुट्टीत मी त्यांच्या मागून जायची. एका स्लीपरवरून दुसऱ्यावर पाय टाकत किती लांब जाता येतं, ते मला आठव्या वर्षीच ठाऊक झालं होतं.

कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांकडे नाव द्यायला गेले. सरांनी वहीतून मान वर केली.

"मुलगी म्हणून माझी ना नाही," ते म्हणाले. "पण एकटीला सोडणार नाही. सोबतीला बाईमाणूस आण. आणि उन्हाळा बघितलास ना यंदाचा?"

वसतिगृहातल्या तीन मैत्रिणींना विचारलं. तिघींच्या घरून नकार आला. मी बाबांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: "मुरुडला अक्काकडं जा. ती आली तर जा, न्हाई आली तर गुमान अभ्यास कर."

बाबांची ही अक्का म्हणजे माझी आत्या. बाबांपेक्षा मोठी, पन्नाशीची, नवरा वारल्यावर मुरुडच्या आमच्या वस्तीत एकटी राहणारी. रोजाने शेतावर जायची. छप्पन साली सगळी वस्ती बौद्ध झाली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडायला सासरचे कचरत होते. नवी सून असलेल्या आत्याने ते पदरात बांधले आणि जाऊन सोडून आली, असं घरात सांगत.

मी पोचले तेव्हा ती दारात बसून ज्वारी निवडत होती.

"कुठवर जायचं म्हणलीस?"

"हिमायतनगरपर्यंत. बाबांच्या क्वार्टरपर्यंत."

"एस.टी. जाती की तिकडं."

"जाते. पण आपल्याला चालत जायचंय."

मी तिला सगळं सांगितलं: बर्फ, दोर, निवड, शिक्के. तिने सूप खाली ठेवलं नाही. माझं बोलून झाल्यावर बराच वेळ ती खडे काढत राहिली.

"तुझ्या बापाला तिकडं नोकरी लागून अकरा वर्सं झाली," ती म्हणाली. "मोठ्या दुष्काळात गेला त्यो. एकदाबी त्याचं घर बघितलं न्हाई मी. उद्या निघायचं म्हणलीस तर आजच दळून आणाया पायजे."

एवढाच तिचा होकार.

माझी पाठपिशवी नांदेड स्टेशनजवळच्या चांभाराने जुन्या ताडपत्रीची शिवून दिली होती, निवारीच्या पट्ट्यांची. आमच्या कॉलेजची तीन मुलंही याच परीक्षेला उतरली होती. ती पिशवीत विटा भरून सराव करत, म्हणून मीही विटा आणल्या होत्या. आत्याने पिशवी उचलून पाहिली आणि तिचं तोंड उघडलं.

"विटा? वाटंत घर बांधायचंय का?"

"दहा किलो वजन पाहिजे, आत्या."

"वजनच न्यायचं तर पाण्याचं ने. औंदा म्होरं पाणी भेटंल का न्हाई, कुणाला ठाव."

विटा तिच्या चुलीपाशी राहिल्या. पाच-पाच लिटरचे दोन प्लॅस्टिकचे कॅन भरून पिशवीत घातले. मुरुडच्या बाजारात एका आडत्याच्या काट्यावर पिशवी ठेवली. त्याने वजन केलं, आपल्या छापील कागदावर लिहून सही केली, आणि आत्याकडे तिरकं बघत विचारलं, "पोरगी पळून तर न्हाई ना चालली?"

"पळून जाणारी एवढं वजन घेती व्हय?" आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही निघालो. माझ्या पाठीवर पाणी, आत्याच्या डोक्यावर गाठोडं. त्यात पीठ, तिखट, तवा, एक चादर. पहिला पल्ला छोट्या रेल्वेच्या कडेकडेने. तेव्हा लातूरला तीच गाडी जायची, इतक्या सावकाश की खिडकीतली माणसं आमच्याशी बोलत बोलत पुढे गेली. एकाने विचारलं, कुठं चाललात. आत्याने हिमायतनगर सांगितल्यावर डब्यात हशा पिकला. आत्याही हसली.

लातूरला पोचेपर्यंत माझ्या टाचांची दशा झाली होती. कॅनव्हासचे नवे बूट घातले होते ना मी, ऐटीत. दोन्ही टाचांना आणि करंगळ्यांना पाणी धरलं होतं. आत्याने सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि तसाच आत ठेवून टोकं कापली. "दोऱ्यानं पाणी गळतंय. कातडं काढायचं न्हाई," ती म्हणाली. बूट तिने गाठोड्याच्या तळाशी घातले. तिथून पुढे सगळी वाट मी जाड चपलांवर चालले.

नव्या जिल्ह्याचं शहर रंगाच्या वासाचं होतं. जिथे तिथे पाट्या नव्याने रंगवलेल्या. जिल्हा कचेरीच्या पाटीवरची अक्षरं तर अजून चमकत होती. आणि त्याच रस्त्यावर नळाशी घागरींची रांग, पार कोपऱ्यापलीकडे गेलेली. रांगेतल्या एका बाईला आत्याने विचारलं, पाणी कधी येतं. ती म्हणाली, आठ दिसाला. आत्याने पाटीकडे बघितलं, रांगेकडे बघितलं.

"जिल्हा झाला, बरं झालं," ती म्हणाली. "आता पाणीबी व्हईल कधीतरी."

शिक्क्याची अडचण लातूरच्या पुढच्या मुक्कामी आली. ग्रामसेवक तरुण होता आणि फार सरळ माणूस. त्याने माझा कागद वाचला, शिक्का हातात घेतला, आणि तसाच थांबला.

"ताई, शिक्का जुना हाय. जिल्हा उस्मानाबाद लिहिलंय त्यावर. नवा अजून आला न्हाई. मारला तर खोटं व्हतंय, न्हाई मारला तर तुमचं अडतंय."

मी घाबरले. शिक्का नसेल तर मुक्काम मोजणार नाहीत. आत्या ओट्यावर पाय चोळत बसली होती. तिथूनच तिने विचारलं, "गाव तर तेच हाय का?"

"गाव तेच."

"मग गावाचा मारा. जिल्हा पेनानं लिहा."

त्याने शिक्का मारला, 'उस्मानाबाद'वर एक रेघ ओढली, वर 'लातूर' लिहिलं आणि सही केली. पुढच्या दोन गावांतही तसंच करून घेतलं. आता आम्हीच जाऊन सांगत होतो, कसं करायचं ते.

आमचा दिवसाचा क्रम बसला. चार वाजता उठायचं, ऊन चढेपर्यंत चालायचं, दुपारभर लिंबाखाली किंवा शाळेच्या व्हरांड्यात पडायचं, उतरत्या उन्हात पुन्हा चालायचं. दोन्ही कॅन भरलेले ठेवायचे हा माझा नेम. पिऊन जेवढं कमी होईल तेवढं पुढच्या गावात भरून घ्यायचं. पण पाणी मागणं दिवसेंदिवस जड होत गेलं. विहिरींचे तळ दिसत होते. बाया दोरावर दोर बांधून घागर सोडत आणि ती अर्धीच वर येई.

एका गावात विहिरीवर एकच बाई होती, चांगल्या शेतकरी घरातली दिसत होती. आम्ही जवळ गेल्यावर तिने विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"मुरुडच्या," आत्या म्हणाली.

"तसं न्हाई. कुणापैकी?"

आत्याने सरळ सांगितलं, बौद्ध आहोत. बाईचा हात दोरावर थांबला. मग तिने घागर उचलली. "वंजळ धरा, घालते," ती म्हणाली.

माझा घसा कोरडा पडला होता. मी हात पुढे करणारच होते. आत्याने माझं मनगट धरलं. तिचा आवाज चढला नाही.

"बाई, वंजळीनं प्यायचं आम्ही सोडलं त्याला लई वर्सं झाली. आमच्यापाशी भांडं हाय, दोर तेवढा न्हाई. द्यायचा असंल तर दोर द्या. न्हाई तर म्होरलं गाव हायच."

पुढचं गाव दोन तासांवर होतं आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. ती बाई आत्याकडे बघत राहिली. मग तिने दोराची गुंडाळी सोडली आणि आत्याच्या हातात टोक दिलं.

"कडंला जपा," ती म्हणाली. "दगड सुटलाय तिथला."

आत्याने स्वतः पाणी शेंदलं. चार वेळा. मी दोन्ही कॅन भरले, दोघी पोटभर प्यालो. निघताना आत्याने पाचव्यांदा दोर सोडला, त्या बाईची राहिलेली घागर भरली आणि तिच्यापुढे ठेवली. बाईने ती उचलून कडेवर घेतली आणि घराकडे गेली. त्यानंतर तासभर मी इतकी भराभर चालत होते की आत्याला दोनदा हाक मारावी लागली.

अहमदपूरच्या अलीकडे रोजगार हमीचं काम चाललं होतं. माळावर तीस-चाळीस बाया खडी फोडत होत्या. डोक्यावर पदर, बोटांना चिंध्या बांधलेल्या. अकरा वाजले होते. आम्ही थांबलो तशी एकीने विचारलं, "पाणी हाय का?" पाण्याचा टँकर सकाळपासून आलाच नव्हता. दोघी तर सावलीत आडव्या पडल्या होत्या, डोळे मिटून.

मी आत्याकडे पाहिलं. "मोठ्या दुष्काळात मीबी फोडली खडी," ती म्हणाली. "काढ."

दोन्ही कॅन बाहेर काढले. आत्या वाटपाला बसली. आडव्या पडलेल्यांना आधी, मग लेकुरवाळ्यांना, मग बाकीच्यांना एकेक पेला. दहा लिटर पाणी बघता बघता संपलं. आडव्या पडलेल्यांपैकी एक उठून बसली आणि तिने विचारलं, "तुमाला काय ठिवलं?" आत्याने खोटंच सांगितलं, "ठिवलंय."

मग मी रिकामी पिशवी उचलली आणि मला वजनाची आठवण झाली. कुणी बघायला नव्हतं. कागदावर कुणी लिहिणार नव्हतं. तरी मी खडीच्या ढिगाशी बसले आणि फोडलेले दगड पिशवीत भरायला लागले. आधी कुणाला कळेचना. मग एक म्हातारी ओरडली, "आगं, ही पोरगी काय करायली?"

आत्याने सांगितलं. सगळ्या बायांनी हातोड्या खाली ठेवल्या. असं हसू मी त्या उन्हाळ्यात कुठे ऐकलं नव्हतं. "आमी फोडून मरतोय, आन् ही पाठीवर घिऊन चालली." पण दोघी-तिघी उठल्या आणि त्यांनीच निवडून गुळगुळीत दगड दिले, पाठीला टोचू नयेत म्हणून. एकीने आपल्या फाटक्या गोणपाटाचा तुकडा मध्ये घातला.

त्या दिवशीचे पुढचे दोन तास सगळ्या वाटेत सर्वांत वाईट गेले. ऊन डोक्यावर, थांबायला झाड नाही, पाणी नाही. मला ऊन लागलं होतं. पाय पडत होते, पण कुठे पडत होते ते कळत नव्हतं. मागून एस.टी. आली आणि आमच्यापाशी थांबली. कंडक्टर दारातून वाकला. "बसा मावशी. तिकीट ऱ्हाऊ द्या. पोरगी पडंल."

"आत्या, तू बस," मी म्हणाले. "अहमदपूरच्या स्टँडवर थांब. मी येते."

"मी कशाला बसू?"

"अगं, कागद माझा आहे. तुझा नाही."

"पाय माजे हायत," आत्या म्हणाली, आणि कंडक्टरला हातानेच जा म्हणून सांगितलं. तो आत गेला, एका प्रवाशाची पाण्याची बाटली मागून आणली आणि आमच्या हातात दिली. गाडी गेली. आम्ही धुळीत उभ्या राहून ते पाणी प्यालो, अर्धं तिने, अर्धं मी, आणि तिच्या अर्ध्यातलं थोडं तिने माझ्या डोक्यावर ओतलं. अहमदपूरला पोचलो तेव्हा पिशवी काट्यावर ठेवली. दगड अर्धा किलो जास्तच निघाले. ते काढून कॅन पुन्हा पाण्याने भरून घेतले.

त्यानंतर आपण पोचू की नाही, ही शंका मला राहिली नाही. लोहा मागे पडलं, गावांच्या पाट्यांवर नांदेड जिल्हा आला, आणि नवव्या दिवशी सकाळी आम्ही गोदावरीचा पूल ओलांडला. पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त होती, पण मधल्या डोहात पाणी होतं. आत्या पुलावर थांबून ते बघत राहिली. गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. पंगतीत आमच्या एका बाजूला एक शीख म्हातारा, दुसऱ्या बाजूला हमाल. आत्याने चार रोट्या खाल्ल्या. "हितं कुणी काय इचारत न्हाई," ती हळूच म्हणाली.

सर वसतिगृहाच्या फाटकाशी भेटले. त्यांना वाटलं आम्ही एस.टी.ने परत आलो. मी कागद दिला. त्यांनी एकेक शिक्का पाहिला, उस्मानाबादच्या रेघांवर थांबले, खालच्या सह्या वाचल्या. मग आतून ताणकाटा आणला आणि पिशवी आकड्याला लावली. दहा किलो भरली.

"मुलं तिसऱ्या दिवशी परत आली," ते म्हणाले. "एकाला ऊन बाधलं. आता बरा आहे." मग त्यांनी आत्याला विचारलं, "बाई, तुम्ही हिच्या कोण?"

"आत्या."

"अजून किती जाणार?"

"भाऊ ऱ्हातोय तिथवर," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो तेव्हा सर सायकल घेऊन फाटकात उभे होते. शहर संपेपर्यंत ते सायकल हातात धरून आमच्याबरोबर पायी आले. निरोप घेताना त्यांनी पिशवीचे पट्टे स्वतः ओढून नीट केले.

भोकरच्या पुढे मुलूख बदलला. माळ संपून झाडी लागली. साग उघडे पडले होते, पण मोहाखाली पहाटे फुलांचा सडा असायचा. गोंड बाया टोपल्या घेऊन वेचायला आलेल्या. आत्यानेही पदरात दोन मुठी घेतल्या, "भावाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं" म्हणून. मी ओळखीच्या जागा शोधत होते. रूळ दिसले तशी मी रस्ता सोडला आणि लोहमार्गाच्या कडेची पायवाट धरली. लहानपणी बाबांच्या मागून चालले होते ती हीच.

शेवटच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला समोरून गँग येताना दिसली. सहा माणसं, हातोडे, लाल-हिरवी झेंडी. सगळ्यांत पुढे बाबा. त्यांनी मला ओळखलं नाही, कारण इतकी काळी मी कधीच झाले नव्हते. मग त्यांनी गाठोडं ओळखलं असावं, किंवा आत्याची चाल. ते रुळांमध्येच थांबले.

"अक्का?"

"हाय की," आत्या म्हणाली.

"मुरुडवरनं?"

"मग कुठनं?"

बाबांनी हातोडा खाली ठेवला. मी त्यांना कधी कुणापुढे वाकताना पाहिलं नव्हतं; त्या दिवशी ते खडीवर बसले आणि बहिणीच्या पायांना हात लावला. तिची पावलं भेगाळली होती, एका बोटाला चिंधी होती. बाबा ती पावलं तशीच धरून बसले. आत्या त्यांच्या डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाली, "ऊठ. गाडी यायची." गँगमधली माणसं दुसरीकडे बघत होती.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी मागितली. मी दिली नाही. क्वार्टरपर्यंतचं शेवटचं अंतर ती माझ्याच पाठीवर होती. हिमायतनगर तेव्हा तालुकाही नव्हता, पण तिथल्या शिक्क्यावर रेघ ओढावी लागली नाही.

आत्या भावाकडे महिनाभर राहिली. माझी निवड झाली. जूनमध्ये मी हिमालयात गेले. तिथे माझ्याबरोबर मोठ्या शहरांतल्या, चांगले बूट असलेल्या मुली होत्या, आणि शेवटच्या चढावर पंधरा हजार फुटांच्या खिंडीत आमच्या तुकडीतून मी दुसरी पोचले. श्वास अपुरा पडत होता, पण पाय काही विचारत नव्हते. त्यानंतर मी शिक्षिका झाले. जिथे बदली झाली तिथे मुलींना घेऊन चालले, आणि त्यातल्या दोघी माझ्यापेक्षा उंच गेल्या.

हिमालयातून परत आल्यावर आधी मुरुडला गेले. आत्या तोवर घरी आली होती. तिने पहिला प्रश्न विचारला, "बरफ खाऊन बघितलंस का?"

"बघितलं."

"गोडं हाय का?"

"गोडं आहे."

"आन् लई हाय?"

"नजर पोचत नाही एवढं."

तिने पदराने हात पुसले. मग म्हणाली, "मला बघाया पायजे," आणि तवा चुलीवर ठेवायला उठली.